लोपीस साहेबांचा विंच

फरीदाबादच्या आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या मागे बघतो. मागे कुणीतरी खरा मिस्त्री उभा असेल अशी त्याची समजूत असते. "उस्ताद कहाँ हैं?" हा प्रश्न ठरलेला. पूर्वी मी रागवायची. आता सरळ सांगते की उस्ताद वारले, मी त्यांची बायको, तुम्ही बॉनेट उघडा. बॉनेटखाली वाकून दोन प्रश्न विचारले की तो मागे बघायचं सोडतो.

आमचं काम म्हणजे गाड्यांची नाकं बदलायची. डोंगरात, वाळूत, चिखलात घुसणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांना पुढे विंच बसवायचा, त्यासाठी बंपर कापायचा, नवा घडवायचा, ओढायचे हुक लावायचे. कराडच्या पॉलिटेक्निकमधून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लग्न करून इकडे आले. विनय इथल्या एका कारखान्यात होता. मी एका ड्रॉइंग ऑफिसात लागले. पुढे त्याने नोकरी सोडून ही शेड टाकली. गिऱ्हाईक आणि वेल्डिंग त्याच्याकडे, कागद आणि पेन्सिल माझ्याकडे, अशी वाटणी होती.

विनय हृदयविकाराने गेला तेव्हा सगळ्यांनी धरलंच होतं की मी मशीन विकणार. मुलगा रोहन कॅनडाहून आला होता. तो म्हणाला, "आई, चल ना माझ्याकडे." कराडची बहीणही बोलवत होती. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या दिवशी आमचे वेल्डर रशीदभाई नेहमीसारखे आले, शटर वर केलं, झाडलोट केली आणि मला विचारलं, "आज क्या काटना है, भाभी?" मी कागद ओढला आणि ड्रॉइंग काढून दिलं. मी इथे राहायचं ठरवलं का, असं लोक विचारतात. ठरवलं वगैरे काही नाही. एवढंच झालं.

विंच म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या बहिणीला अजून कळलेलं नाही. विहिरीवरचा रहाट आठवा. त्याला माणसाऐवजी मोटर फिरवते आणि तो गाडीच्या नाकाला आडवा बसवलेला असतो. गाडी रुतली की दोर सोडायचा, समोरच्या झाडाला पट्टा बांधून त्यात अडकवायचा आणि बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते. दुसऱ्याची गाडीही तशीच ओढता येते.

लोकांना वाटतं, विंच बंपरला लावतात. हल्लीचा बंपर हा प्लास्टिकचा मुखवटा असतो, त्याला पिशवी टांगली तरी तो कुरकुरेल. त्याच्या मागे गाडीच्या सांगाड्याचे दोन लोखंडी बीम येऊन संपतात. विंचची प्लेट तिथे कसायची. पातळ पाइपांवर प्लेट चिकटवून देणारेही आहेत. मग पहिल्या ओढीला विंच झाडाकडे जातो आणि गाडी जागेवर राहते. एअरबॅगचे सेन्सर झाकायचे नाहीत, पुढचं वजन वाढतं म्हणून स्प्रिंगा बदलायच्या, असंही बरंच असतं. लोखंडी बुलगार्ड मागितला तर मी नाही म्हणते. त्यावर बंदी आहे, आणि ती योग्य आहे. गाडीपुढे कधी माणूसही येतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक नवरदेव वरातीसाठी विंच बसवायला आला होता. तारा जोडू नका म्हणाला, नुसता दिसला पाहिजे. रशीदभाईंनी तोंड वाकडं करत तो चकाचक पुसून बसवला. काही महिन्यांनी तोच पोरगा खाली मान घालून परत आला. सासऱ्यांची ट्रॉली शेतात रुतली होती आणि सगळं गाव जावयाच्या विंचकडे बघत उभं राहिलं होतं. आम्ही मुकाट्याने तारा जोडून दिल्या.

दिवसभर माणसं येतात-जातात, ग्राइंडर ओरडत असतो. एकटेपण वाटायला सवडच नसते. ते घरी वाटायचं, आणि वाटायचं तेही विचित्र रीतीने. फरीदाबादला मराठी माणसं आहेत, पण विखुरलेली. विनय असताना आम्ही रविवारी दिल्लीला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला जायचो, तिथे यूपीएससीची पोरं भेटायची, गप्पा व्हायच्या. एकटीने तेवढ्यासाठी जावंसं वाटेना. रोहनच्या फोनवरचं मराठी म्हणजे "टेन्शन नको घेऊ, बिल्कुल ओके आहे सगळं." एकदा कपाटापुढे उभी राहून मला 'किल्ली' हा शब्द आठवेना. चाबी, चाबी एवढंच डोक्यात. त्या दिवशी मी खरोखर घाबरले.

त्याच दिवसांतली गोष्ट. एका जुन्या गाडीचा गंजलेला बोल्ट निघत नव्हता. मी पान्ह्यावर सगळं वजन टाकून म्हटलं, "नीघ की मेल्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "इथल्या बोल्टांना मराठी समजतं वाटतं?"

वळून बघितलं तर इस्त्रीच्या शर्टातले एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. हे लोपीस साहेब. वसईचे. गुडगावच्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले आणि दिल्लीत मयूर विहारला सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. बायको रेजिना दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी लंडनला. त्यांची डबल केबिनची पिकअप पार्किंगमधल्या खांबाला घासली होती, ती दुरुस्त करायची होती. ती झाल्यावर म्हणाले, विंचही बसवून द्या.

मी विचारलं, "जाता कुठे तुम्ही गाडी घेऊन?"

"अजून कुठे नाही," ते म्हणाले. "मेट्रोनेच फिरतो."

एरवी एकट्याने रानावनात जाणाऱ्याला मी दोन गोष्टी सुनावते. विंच असला तरी सोबत दुसरी गाडी असावी. हे तर कुठेच जात नव्हते, त्यांना काय सुनावणार.

काम तीन-चार दिवसांचं होतं. पहिल्या शनिवारी ते गाडी बघायला आले, रशीदभाईंनी चहा केला आणि आम्ही बोलत बसलो. कराडचं पाणी चांगलं की वसईचं, इथपासून सुरुवात. त्यांनी भावाने पाठवलेली सुकेळी आणली होती. मी सुकेळी कधी खाल्ली नव्हती. मला वाटलं केळफुलाचं काहीतरी असेल, ती निघाली वाळवलेली केळी, मधासारखी. जाताना ते म्हणाले, पुढे ओढायचे हुकही लावू या. पुढच्या शनिवारी म्हणाले, दिवे जरा खाली हवेत. मग बंपरचा रंग आवडेना. मग दोर लोखंडी नको, नायलॉनसारख्या धाग्याचा घालू. लोखंडी दोराच्या तारा सुटतात आणि हातात शिरतात, तेव्हा ते ठीकच होतं. पण त्यानंतर जे निघत गेलं त्याला फारसा अर्थ नव्हता. मी एकही गोष्ट नको म्हटली नाही.

विंच बसल्यावर गाडी त्यांनी घरी नेली होती. शनिवारी ती घेऊन ते यायचे, गाडीजवळ दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग खुर्चीवर बसून घसा खाकरून म्हणायचे, "काय म्हणता, कुंदाताई?" रेजिना कशी गात असे, विनय गिऱ्हाइकांशी कसा भांडत असे. त्यांच्या बोलीतले शब्द ते सांगायचे, मी आमच्याकडचे. कधी काहीच बोलायचं नसलं तरी मराठीतच गप्प बसलो आहोत असं वाटायचं. रशीदभाई शनिवारी न सांगता तीन कप चहा ठेवायचे आणि आपला कप घेऊन वेल्डिंग मशीनकडे जायचे.

एक गोष्ट राहिली होती. विंच बसवला की चालकाकडून ट्रायल घ्यावी लागते. खऱ्या वजनाला दोर लावून त्याने स्वतः ओढून बघायचं. माझा नियम आहे, ट्रायलशिवाय गाडी पूर्ण झाली असं मी म्हणत नाही. मी दर वेळी म्हणायची, चला, आज मागच्या मैदानात ट्रायल घेऊन टाकू. ते म्हणायचे, पुढच्या शनिवारी बघू. एकदा मी जरा जोर केला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ट्रायल झाली की काम संपलं ना?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग त्या पावसाळ्यात यमुना फुगली. मयूर विहारच्या बाजूला नदीच्या खादरात, म्हणजे पात्रालगतच्या सखल जमिनीत, भाजी पिकवणारी कुटुंबं झोपड्या करून राहतात. पाणी चढायला लागलं तशी ती सामानसुमान, गुरं घेऊन वर रस्त्यावर येऊ लागली. मी हे टीव्हीवर बघितलं होतं. सकाळी शेडमध्ये पोचले नाही तोच लोपीस साहेबांचा फोन.

"कुंदाताई, विंच कसा चालवतात?"

ते नदीच्या बांधावर होते. त्यांना रोज भाजी देणारा हरपाल घरच्यांना घेऊन निघाला होता आणि बांधावर चढणाऱ्या कच्च्या उतारावर त्याचा तीनचाकी टेम्पो मागच्या चाकांवर रुतला होता. टेम्पोत त्याची आई होती, कमरेचं हाड मोडलेली, खाटेसकट बांधून ठेवलेली. चिखल असा की उचलायला गेलेली माणसंच मांडीपर्यंत आत जात होती. बचावाची बोट मागवली होती, ती आली नव्हती. पाणी टेम्पोच्या मागच्या फळीला लागलं होतं.

फरीदाबादहून तिथे पोचायला रहदारीत तासभर तरी लागला असता. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि डोळे मिटून ती पिकअप डोळ्यांसमोर आणली.

गाडी बांधाच्या वर घट्ट जमिनीवर घ्या, नाक सरळ टेम्पोकडे. हँडब्रेक. पुढच्या चाकांच्या पुढे दगड लावा, कारण ओढताना तुमचीच गाडी खाली सरकायला बघेल. मागे झाड आहे का? होतं, शिसवीचं. मागच्या हुकातून त्याला पट्टा बांधायला लावला. मग दोर गुंडाळलेल्या ड्रमचा खटका सोडून दोर हाताने खेचत न्यायचा. हुक टेम्पोच्या बंपरला नाही, खालच्या सांगाड्याला. हे मी तीनदा सांगितलं. ते प्रत्येक गोष्ट हिंदीत ओरडून माणसांना सांगत होते आणि माझ्याकडे मराठीत परत येत होते. दोरावर जाड कापड टाका, तुटला तर उसळणार नाही. कुणाच्या तरी बायकोने रजाई दिली. सगळ्यांना लांब करा, दोराच्या रेषेत एकही माणूस नको.

"आता बटण दाबा. थोडं दाबा, थांबा, परत दाबा."

मोटर घुरघुरली. दोर ताणला गेला असणार. मग मोटरचा आवाज खाली खाली जायला लागला, झोपेला आलेल्या माणसासारखा. रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही एकदमच कळलं.

मी म्हटलं, "थांबा. इंजिन चालू आहे ना?"

"बंद केलंय," ते म्हणाले. "तुमचं नीट ऐकू यावं म्हणून."

नुसत्या बॅटरीवर विंच फार ओढत नाही, बॅटरीच बसते. इंजिन चालू हवंच. मी तसं सांगितलं.

"मग मला तुमचा आवाज येणार नाही, कुंदाताई."

"म्हणून आत्ताच ऐका," मी म्हटलं. "दर थोड्या वेळाने थांबून आपल्या पुढच्या चाकांकडे बघा. दगड सरकले तर बटण सोडा आणि घाई करू नका. टेम्पो हळूहळू येईल. तुम्हाला वाटेल येतच नाहीये, पण येईल. प्लेट मी स्वतः कसलीये. ती हलणार नाही."

त्यांनी तिकडे कुणाला तरी हिंदीत आणखी मागे व्हायला सांगितलं. मग म्हणाले, "बरं. चालू करतो."

त्यानंतर फोनमधून नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मधेच माणसांचा गलका. मोटर सुरू, बंद, सुरू, बंद. मी सांगितलं होतं तसंच करत होते. रशीदभाई हातात वेल्डिंगचा मुखवटा घेऊन उभे होते, तो ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मग काहीतरी मोठ्याने मोडल्याचा आवाज आला, एक बाई किंचाळली आणि फोन बंद झाला.

मी परत लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग आम्ही दोघं शेडची जीप घेऊन निघालो. मी चालवत होते, रशीदभाई फोन लावत होते. माझ्या डोक्यात एकेक बोल्ट येत होता. हा कसला होता का, तो कुणी कसला होता. आयुष्यात इतक्या गाड्यांची नाकं बसवली, पण कुठलीही ओढत असताना मी अशी दूर आणि आंधळी नव्हते. वाटेत कालिंदी कुंजच्या गर्दीत अडकलो तेव्हा लोपीस साहेबांच्या नंबरवरून फोन आला. आवाज बाईचा होता, हरपालची बायको.

"अम्मा ऊपर आ गई," ती म्हणाली. "अंकल ठीक हैं। रो रहे हैं, इसलिए मैं बोल रही हूँ।"

मोडली होती ती टेम्पोची मागची फळी. त्या गडबडीत फोन चिखलात पडला होता.

पोचलो तेव्हा ते बांधावर पिकअपच्या पायरीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट चिखलाने ताठ झालेला. म्हातारी शेजारी खाटेवर पडून त्यांच्याकडेच बघत होती. मी खरं सांगते, आधी गाडीखाली वाकून प्लेट बघितली. केसाइतकीही हलली नव्हती. मग उठून त्यांच्याकडे गेले.

"ट्रायल झाली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. खाली पाणी चढत होतं आणि मघा टेम्पो जिथे होता ती जागा दिसेनाशी झाली होती.

पाणी ओसरेपर्यंत ते रोज तिथेच होते. खादरातली माणसं उड्डाणपुलाखाली राहिली होती. कुणाची हातगाडी काढ, कुणाचं इंजिन ओढ, म्हाताऱ्यांना दवाखान्यात ने, असं ते करत राहिले. सगळी त्यांना अंकल म्हणायची. संध्याकाळी फोन करून मला कामाचं विचारायचे, कप्पी लावली तर किती ताकद वाढते वगैरे. आवाज बदलला होता त्यांचा. त्या शनिवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाहीत. तीन कप भरलेले पाहून रशीदभाईंनी एक परत भांड्यात ओतला. आमच्या धंद्यात गाडी रस्त्याला लागली की शेडला परत येत नाही, आली तर समजावं की काम वाईट झालंय. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

हिवाळ्यात ते आले. दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांवर चालवता येत नाही, आणि त्यांच्या पिकअपला तेवढी होत आली होती. माझी निम्मी जुनी गिऱ्हाइकं याच नियमाने गेली. नियम हवेसाठी आहे, इथल्या हिवाळ्यात श्वास घेणाऱ्याने त्याविरुद्ध काय बोलावं. मला वाटलं, गाडी विकायला सल्ला मागतील. ते म्हणाले, विकणार नाही, वसईला नेणार. तिकडे अजून काही वर्षं चालेल. आणि मीही तिकडेच राहीन म्हणतो. भावाचं घर मोठं आहे.

चहा संपवून ते म्हणाले, "कुंदाताई, चार दिवस शेड बंद ठेवा. वसईपर्यंत चला सोबत. एकट्याने लांब जाऊ नये असं तुम्हीच सांगता ना? तिथून मी तुम्हाला कराडला सोडतो, बहिणीकडे."

शेडमध्ये तेव्हा दोन गाड्या नाकं काढून उघड्या पडल्या होत्या. मी तेच सांगितलं. ते खरं होतं. रशीदभाईंनी चार दिवस सांभाळलं असतं, हेही खरं होतं. लोपीस साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढा त्यांचा स्वभाव मला माहीत होता. मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. मी त्यांच्या गाडीचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासून दिले.

जाताना वाटेत ते मुक्कामांवरून फोन करायचे. वसईला पोचल्यावरही आठवड्याला एक फोन असायचा. एकदा किनाऱ्यावरून केला. कोळ्यांची होडी वाळूवर ओढून घ्यायची होती आणि त्यांनी विंच लावला होता. मागे माणसं, पोरंबाळं, त्यांच्या बोलीतला कल्ला. "थांबा रे, आलो," ते कुणाला तरी म्हणाले, आणि मग मला, "कुंदाताई, नंतर करतो हं." मी म्हटलं, आधी होडी बघा, दोराच्या रेषेत पोरं उभी राहू देऊ नका. हो हो म्हणत त्यांनी फोन ठेवला. हल्ली फोन सणासुदीला येतो. ते बरं आहे. मी मनापासून म्हणते, ते बरंच आहे.

अलीकडचीच गोष्ट. एका शनिवारी काम नव्हतं. मी टेबलाशी बसून उगीच एका जुन्या ड्रॉइंगवर रेघा ओढत होते. रशीदभाईंनी चहा आणून ठेवला, पण मशीनकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते. घसा खाकरला आणि म्हणाले, "काय म्हणता, कुंदाताई?"

उच्चार थेट लोपीस साहेबांचा.

मी म्हटलं, "बरं चाललंय. तुम्ही काय म्हणता?"

त्यापुढचं मराठी त्यांना येत नव्हतं. ते हसले, मीही हसले, आणि आम्ही दोघांनी काही न बोलता चहा संपवला.